मुस्तफाला चोर म्हणण्याआधी

'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे नाव डोंबिवलीत घेतले तर बहुतेकांना काही आठवणार नाही. 'मुस्तफा' म्हणा, चाळिशी गाठलेला माणूस लगेच ओळखेल. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढलेला हा पार्लरमधला खेळ. एका वेळी तिघांना खेळता येई, चारांतला एक गडी निवडायचा, आणि त्यातला चपळ मुस्तफा इतका लाडका झाला की भारतभर खेळालाच त्याचे नाव पडले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या ज्या पिढीने नाणी टाकून हा खेळ खेळला, तिच्यातल्या एखाद्याला तो आज पुन्हा खेळावासा वाटला तर पैसे मोजायची तयारी असूनही घरी खेळण्यासाठी तो विकत मिळत नाही. घरगुती यंत्रासाठी कॅपकॉमने तो कधी काढलाच नाही. मग उरते ते एवढेच: फोनवर किंवा संगणकावर एम्युलेटर टाकायचा आणि कुठून तरी खेळाची 'रॉम' मिळवायची. हे केले की ऐकून घ्यावे लागते, ही पायरसी आहे, पायरसी म्हणजे चोरी, आणि चोरी ती चोरी. हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो, म्हणूनच त्याचा प्रतिवाद करायला हवा. जुने यंत्र नव्याने घडवणे, नष्ट होत चाललेली कृती जपून ठेवणे आणि आज दुकानात असलेला माल फुकट उचलणे, ही तीन निरनिराळी कामे त्याने एकाच पोत्यात भरली आहेत. पहिले काम कायदेशीर आहे, दुसरे कायद्याने मोकळे करायला हवे, तिसरे चूक आहे. तिघांना एकच शब्द लावला की पहिल्या दोघांवर अन्याय होतो आणि तिसरे गर्दीत लपून जाते.

आधी एम्युलेटरबद्दलचा गैरसमज. ग्रामोफोनची तबकडी आणि ग्रामोफोन या दोन वस्तू आहेत. तबकडीवरचे गाणे कोणाच्या तरी हक्काचे असते, पण ती तबकडी वाजवणारे यंत्र कोणी स्वतःच्या अकलेने नव्याने बनवले तर त्याने गाणे चोरले असे कोणी म्हणत नाही. एम्युलेटर हे असे वाजवणारे यंत्र आहे, प्रोग्रामच्या रूपातले. १९८३ मध्ये जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉममध्ये कामाची मेमरी दोन किलोबाइट होती आणि प्रोसेसर सेकंदाला सुमारे अठरा लाख ठोक्यांवर चाले. आजचा फोन त्या प्रोसेसरचे सोंग घेतो, त्याची एकेक आज्ञा आपल्या आज्ञांत उलगडतो आणि जुने चित्र नव्या पडद्यावर उमटते. त्यात निन्टेन्डोने लिहिलेले एक अक्षरही असावे लागत नाही. रॉम मात्र वेगळी. कार्ट्रिजच्या चिपमधला मजकूर वाचून काढलेली ती फाइल, म्हणजे तबकडीवरचे गाणे. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची अशी फाइल अवघी चाळीस किलोबाइटची आहे. फोनने काढलेल्या एका फोटोत असे कित्येक खेळ मावतील.

एम्युलेटर हीच चोरी आहे असे ठरवून घेण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. प्लेस्टेशनचे खेळ मॅक संगणकावर चालवणारा प्रोग्राम कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने विकायला काढला, तेव्हा सोनीने तिला कोर्टात खेचले. तो प्रोग्राम बनवताना सोनीच्या चिपमधला कोड अभ्यासासाठी उतरवून घेतला होता हे खरे. पण विकलेल्या वस्तूत तो नव्हता. २००० साली अपील न्यायालयाने कौल कनेक्टिक्सच्या बाजूने दिला. पुढे अठरा वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, खुद्द सोनीने 'प्लेस्टेशन क्लासिक' हा छोटा डबा बाजारात आणला. आत वीस जुने खेळ होते आणि ते चालवायला होता 'पीसीएसएक्स रिआर्म्ड', म्हणजे हौशी प्रोग्रामरांनी मिळून घडवलेला मुक्तस्रोत एम्युलेटर. स्वतःचेच जुने यंत्र पुन्हा उभे करायला मालकाला या लोकांचे काम हाताशी घ्यावे लागले. ज्यांना सरसकट चोर म्हटले जाते त्यांनी काय सांभाळून ठेवले, हे एवढ्यावरून दिसते.

आता 'चोरी' या शब्दाकडे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, लबाडीने हलवणे. नक्कल केली तर मूळ वस्तू जागची हलत नाही. म्हणून नकलेचा गुन्हा त्या संहितेत नाही. तो १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे, आणि त्याच कायद्याचे कलम १६ सांगते की या कायद्याने दिला तेवढाच कॉपीराइट, त्याच्याबाहेर तो नाहीच. हा शब्दांचा खेळ नाही. घरावरचा, शेतावरचा हक्क आणि मजकुराच्या नकलेवरचा हक्क यांचा पोतच वेगळा. दुसरा हक्क संसदेने काही हेतू मनात धरून, मुदत घालून आणि अपवादांसकट दिला आहे. ते अपवाद हक्काला पडलेली भोके नाहीत, हक्काची हद्द तिथेच आखलेली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपीच्या दुकानावर परदेशी प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हाच विचार मांडला: कॉपीराइट हा दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे. याचा अर्थ नकलेला शिक्षा नाही असा मुळीच नाही. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. नकली प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी कलम ६३-ब आहे. पण तिथेच कायद्याने न्यायाधीशाच्या हाती सवड ठेवली आहे: वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कारणे नोंदवून कैद टाळावी आणि पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर भागवावे. कायदा करणाऱ्यांना दुकानदार आणि हौशी यांतला फरक कळत होता. 'चोरी ती चोरी' म्हणणाऱ्यांनी तो का पुसावा?

आपला कायदा याहूनही उदार आहे, आणि ही गोष्ट इथे फारशी कोणी सांगत नाही, कारण पायरसीवरची आपली सगळी चर्चा अमेरिकेच्या कायद्यावर पोसलेली आहे. कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हे 'साहित्यकृती'त मोडतात, आणि कलम ५२(१) मध्ये त्यांच्यासाठी चार वेगळे खंड आहेत. प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला हरवण्या-बिघडण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून प्रत काढून ठेवता येते. दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यापुरती आवश्यक कृती करता येते. प्रोग्राम कसा चालतो हे पाहता, तपासता, अभ्यासता येते. आणि चौथा खंड, 'एडी' अक्षरांचा, सगळ्यांत मोकळा: स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, धंद्यासाठी नव्हे तर स्वतःच्या वापरासाठी, प्रती काढता येतात आणि त्यात फेरबदलही करता येतात. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीत आलेले कलम ६५-अ. तांत्रिक कुलूप तोडणे हा त्यात गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण हक्कभंग करण्याच्या इराद्याने तोडले तर. जे काम कायद्याने मना केलेले नाही त्यासाठी कुलूप काढणे त्या कलमातून वगळले आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात इराद्याची ही अट अशी नाही, तिथे कुलूप तोडणे हाच बहुतेक वेळा स्वतंत्र अपराध ठरतो. तेव्हा अस्सल कार्ट्रिज विकत घेऊन त्यातली फाइल स्वतः वाचून काढणारा आणि ती स्वतःच्या फोनवर खेळणारा कल्याणचा माणूस चोर नाही, लबाड नाही, अगदी काठावरचाही नाही. संसदेने त्याला दिलेला हक्क तो वापरतो आहे.

इथे समोरचा पक्ष विचारेल, आणि त्याने विचारायलाच हवे: असे अस्सल कार्ट्रिज आहे किती जणांकडे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर डोंबिवलीच्या माळ्यांवर पडून आहे. नव्वदच्या दशकात इथल्या मध्यमवर्गीय घरात 'टीव्ही गेम' म्हणून जे यंत्र आले ते बहुतेक वेळा फॅमिकॉमची नक्कल होते. त्याचे कार्ट्रिज उघडून पाहावे. पिवळ्या प्लॅस्टिकच्या, साबणाच्या वडीएवढ्या डबीत हिरवी पट्टी, पट्टीच्या एका कडेला साठ सोनेरी दात, आणि मधोमध, जिथे कंपनीचे नाव असलेली चिप दिसायला हवी तिथे, डांबरासारखा काळा गोल ठिपका. त्या ठिपक्याखाली नाव नसलेली चिप गाडलेली. वरच्या कागदावर '९९९९९९ इन १' लिहिलेले, आणि आत पाच-सात खेळ पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी. मे महिन्याच्या सुट्टीसाठी आई-वडिलांनी दुकानात रोख पैसे मोजून ही वस्तू घेतली. त्यांच्या दृष्टीने तो चोख व्यवहार होता. मूळ जपानी यंत्र परवडेल अशा किमतीत, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नव्हते. आज कायद्याच्या भाषेत ती प्रत 'कायदेशीरपणे मिळवलेली' नाही, म्हणून खंड 'एडी'चे छत्र तिच्यावर नाही. मुस्तफाच्या बाबतीत तर पार्लरवाल्याकडचा खेळाचा सर्किट बोर्ड घरी आणण्याचा प्रश्नच नव्हता, आणि नकली बोर्डही त्या काळी सर्रास फिरत होते. हे लपवण्यात अर्थ नाही: रॉम कुठून तरी उतरवून मुस्तफा खेळणाऱ्याच्या पाठीशी आजचा भारतीय कायदा उभा नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष मात्र दुसऱ्या बाजूचा नाही. ज्या देशात अस्सल माल आलाच नाही तिथल्या लोकांना 'अस्सल प्रत दाखवा, मगच आठवण जपा' असे सांगणे म्हणजे त्या पिढीच्या बालपणातला हा भाग कायमचा बेकायदा ठरवणे. आणि मुदत केवढी? कायद्यातली लहानात लहान मुदत धरली तरी १९८५ चा मारिओ २०४५ संपेपर्यंत बंदिस्त आहे.

'मग राहू दे बंदिस्त. खेळच तो, हरवला तर हरवला, ज्ञानेश्वरी थोडीच आहे?' हा आक्षेप सुशिक्षित घरात सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत घातक आहे. नेमके हेच एके काळी सिनेमाबद्दल म्हटले जात होते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, आणि चित्रपट जपणारे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात सुरू झाले १९६४ मध्ये. मधल्या एकावन्न वर्षांत काय काय गेले त्याची मोजदाद करवत नाही. मुंबईत तयार झालेला, भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. तमाशाची करमणूक म्हणून ज्याकडे पाहिले गेले त्याचे मोल कळेपर्यंत फिती गेल्या होत्या. उलट उदाहरण जर्मनीचे. 'नोस्फेराटू' हा १९२२ चा मूकपट 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता बेतलेला होता. कादंबरीकाराच्या विधवेने दावा जिंकला आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. दावा न्याय्य होता. तरीही आज तो चित्रपट जगभर दाखवला आणि शिकवला जातो, कारण हुकूम न पोचलेल्या काही प्रती इकडेतिकडे राहिल्या. आणि ज्ञानेश्वरीचेच म्हणायचे तर ती आपल्यापर्यंत आली ती हाताने उतरवलेल्या अनेक पोथ्यांतून. शके १५०६ मध्ये एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करता आली ती मुळात ताडून पाहायला पोथ्या होत्या म्हणून. तेव्हा कॉपीराइट नव्हता, म्हणून हा दाखला हक्कासाठी नाही, जपणुकीच्या रीतीसाठी आहे. जुने खेळ जपणारे आज तेच करतात: वेगवेगळ्या ठिकाणच्या कार्ट्रिजवरून उतरवलेल्या फाइली घेतात, त्यांचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले ताळ्याचे आकडे, जुळवतात, न जुळणारी प्रत बाजूला ठेवून कारण शोधतात. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१० पूर्वी त्या देशात आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. अमेरिकेत, जिथे ते रीतसर विकले गेले होते, तिथली ही स्थिती.

'थांबा, कंपनीच ते कधीतरी पुन्हा काढेल' असेही सांगितले जाते. मुस्तफाच्या बाबतीत हे थांबणे कसे आहे ते पाहू. २०१८ मध्ये कॅपकॉमने आपले सात जुने मारामारीचे खेळ एकत्र करून विकायला आणले. त्यात 'फायनल फाइट' होता, 'कॅप्टन कमांडो' होता, मुस्तफा नव्हता. २०२४ मध्ये दुसऱ्या एका संचात १९९३ चाच 'द पनिशर' आला, एकतीस वर्षांनी. मुस्तफा तेव्हाही नाही. अडचण तंत्राची नाही. हा खेळ मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवर बेतलेला आहे आणि नावात एका मोटारीचे नाव आहे. कॅपकॉमच्या एकटीच्या मर्जीने सुटावा असा हा गुंता नाही. करार एकदा संपले की निर्मातीलाही स्वतःची कृती विकता येत नाही. तोवर मूळ बोर्डांचे काय? त्या पिढीच्या बोर्डांवर ध्वनीचा मजकूर गुप्त लिपीत ठेवलेला आहे, आणि ती लिपी सोडवण्याची किल्ली एका बॅटरीच्या जिवावर टिकणाऱ्या मेमरीत. बॅटरी उतरली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड निकामी होतो. दुरुस्ती करणारे तिला 'सुसाइड बॅटरी' म्हणतात. नक्कल रोखायला केलेली ही व्यवस्था अस्सल वस्तूलाच मारते. ती किल्ली वेळेत शोधून, मजकूर उलगडून, नोंदवून ठेवला तो मेमसारख्या प्रकल्पांनी, पगाराशिवाय. मेम या एम्युलेटरची सुरुवात १९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी केली. म्हणजे कॅपकॉमचा संच विकायला आला तेव्हा त्यातले खेळ फुकट खेळण्याची सोय होऊन बरीच वर्षे लोटली होती, तरी कंपनीला तो काढावासा वाटला आणि सहा वर्षांनी दुसराही. एम्युलेटर आला की जुन्या खेळांचा बाजार बुडतो, या भीतीला एवढे उत्तर पुरे.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी बोलायला हवे, कारण त्यांचेही सगळे खरे नाही. 'मालक विकत नाही' हे कारण मुस्तफाला लागू पडते, म्हणून ते सगळीकडे ओढून नेले जाते. २०२३ च्या मे महिन्यात निन्टेन्डोचा झेल्डा मालिकेतला नवा खेळ यायचा होता. तो दुकानात येण्याआधीच त्याची फाइल फुटली आणि दहा लाखांहून अधिक वेळा उतरवली गेली, असे कंपनीने 'युझू' या एम्युलेटरच्या कर्त्यांविरुद्धच्या दाव्यात म्हटले. मार्च २०२४ मध्ये त्यांनी चोवीस लाख डॉलर द्यायचे कबूल करून एम्युलेटर बंद केला. इथे जपणुकीचा प्रश्न कुठे होता? यंत्र दुकानात होते, खेळ दुकानात येणार होता. हे दुसऱ्याच्या ताटातले उचलणे झाले आणि जुन्या खेळांच्या नावाने त्याची पाठराखण करणाऱ्यांनी जुन्या खेळांचेच नुकसान केले. ताट परदेशी कंपनीचेच असते असेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही काम रेटत २०२० मध्ये 'राजी' पूर्ण केला, आपल्या पुराणकथांवरचा आणि पहाडी चित्रशैलीची छाप असलेला. असा खेळ फोडून वाटणारा कोणत्या मोठ्या कंपनीला धडा शिकवतो? चार-दोन माणसांच्या पुढच्या कामाची कमाई तो खातो, बाकी काही नाही. 'आम्हाला परवडत नाही' ही अडचण खरी असते, पण तिचे उत्तर किमती, हप्ते, सवलती, जुने विकण्याची मुभा यांत शोधायचे असते.

आणि धंदा. दहा हजार खेळ भरलेले चपटे डबे, टीव्हीला मागे खोचायच्या कांड्या, हे आज उघडपणे विकले जाते, वर पावती मिळते. त्यात भरलेल्या हजारो फाइलींपैकी एकीसाठीही विकणाऱ्याने परवानगी घेतलेली नसते, आणि एम्युलेटर लिहिणाऱ्या हौशी माणसालाही त्यातून छदाम मिळत नाही. नव्वदच्या दशकातल्या काळ्या ठिपक्याचा हा पुढचा अवतार आहे: गिऱ्हाईक पैसे देते, पण भलत्याला देते. कलम ६३ मधला दोन लाखांचा दंड याच दुकानासाठी आहे. फोनवर मुस्तफा खेळणाऱ्याला चोर म्हणणारा माणूस सणाच्या दिवसांत असा डबा भाच्यासाठी सहज विकत घेतो, कारण दुकानातून, पैसे देऊन घेतलेली वस्तू त्याला आपोआप कायदेशीर वाटते. खरे पाहता या दोघांत कमी दोषी फोनवर खेळणारा आहे.

हा वाद खेळांपुरताच आहे असे ज्यांना वाटते त्यांनी मराठीच्या अलीकडच्या इतिहासाकडे पाहावे. युनिकोड रुळण्यापूर्वीची दोन दशके मराठी मजकूर संगणकावर टंकला गेला तो निरनिराळ्या कंपन्यांच्या आणि संस्थांच्या फॉन्टमध्ये, प्रत्येकाची अक्षरमांडणी वेगळी. पुण्यातल्याच श्रीलिपीची फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली तर पडद्यावर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतो. दिवाळी अंकांचे, पाठ्यपुस्तकांचे, संस्थांच्या अहवालांचे मजकूर अशा फाइलींत अडकले आहेत. मुलांसाठी निघालेल्या गाण्या-गोष्टींच्या सीडी विंडोज ९८ साठी घडवलेल्या. आजच्या संगणकाला सीडीची खाचच नसते, आणि असली तरी तो प्रोग्राम सुरू होईल याची खात्री नाही. जुने संगणक भंगारात गेले. ही कामे पुन्हा उघडायची तर जुन्या यंत्राचे सोंग घेणारा प्रोग्राम लागतो, म्हणजे एम्युलेटरच. खेळाच्या निमित्ताने एम्युलेटरला बदनाम करणारे आपल्याच भाषेच्या कपाटाची किल्ली फेकून देत आहेत.

मग हे काम रीतसर कोणी करायचे? आपल्या भागाला याचे उत्तर परके नसावे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, आणि डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या आदानप्रदानात लोक वाचलेली पुस्तके आणून देतात आणि दुसऱ्यांची घेऊन जातात. विकलेली प्रत ज्याने घेतली त्याची झाली, ती त्याने कोणालाही द्यावी, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कायदाही या बाबतीत वाचनालयांच्या बाजूने झुकला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम २ मध्ये आलेल्या व्याख्येनुसार, कायदेशीरपणे घेतलेली संगणक प्रोग्रामची प्रत ना-नफा ग्रंथालयाने नफा न कमावता वाचकाला दिली तर ते 'व्यापारी भाड्याने देणे' ठरत नाही. म्हणजे अस्सल कार्ट्रिज परदेशातून जुन्या बाजारात विकत घेऊन ते सभासदाला घरी देण्यात वाचनालयाला आजही आडकाठी नाही. त्याची सुरक्षित प्रत काढून ठेवण्यातही नाही. 'वाचनालयात खेळ कशाला' असे म्हणणाऱ्यांनी आठवावे की प्रतिष्ठित घरांत एके काळी कादंबरीलाही उंबऱ्याबाहेर ठेवले जात होते.

गाडी अडते ती पुढच्या पायरीवर. जपणुकीसाठी कलम ५२(१) मध्ये खंड 'एन' आहे: सार्वजनिक, अव्यापारी ग्रंथालयाला कोणतीही कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येईल, पण त्याच्याकडे त्या कृतीची 'नॉन-डिजिटल' प्रत आधीच असली पाहिजे. कागदी मासिकाला हे चपखल बसते. शंभर वर्षांपूर्वीचा अंक वाचनालय बिनघोर स्कॅन करू शकते. पण कार्ट्रिज जन्मतःच डिजिटल आहे, सीडीही तशीच, श्रीलिपीतली फाइलही तशीच. त्यांची नॉन-डिजिटल प्रत कधी नव्हतीच. कागद जपायला दिलेली मुभा कागद नसलेल्या वस्तूला नाकारली गेली, तीही कोणी विचार करून नाकारली असे वाटत नाही. लिहिताना डोळ्यांपुढे पुस्तकच होते. कलम ३१ मध्ये, मालकाने पुनर्प्रकाशन नाकारून लोकांपासून रोखून ठेवलेल्या कृतीसाठी मोबदला देऊन सक्तीचा परवाना मिळवण्याची वाटही आहे. पण जपानी कंपनीविरुद्ध ती वाट चालायला लागणारा वकील आणि वेळ आपल्या कोणत्याही वाचनालयाच्या अंदाजपत्रकात बसणारा नाही. म्हणून मागणी लहान आणि नेमकी हवी: खंड 'एन' मधला तो एक शब्द काढावा, आणि अशी साठवलेली प्रत वाचनालयाच्या आत वापरू द्यावी. प्रकाशक विचारतील, मग ती फाइल गावभर फिरणार नाही कशावरून? त्याला उत्तर वाचनालयांच्या रोजच्या वहीत आहे. जितकी कार्ट्रिजे वाचनालयाच्या मालकीची तितक्याच जणांनी एका वेळी खेळायचे, वाचनालयातल्याच संगणकावर, नाव आणि वेळ लिहून. आणि पुस्तक कोणी नेले असेल तर पुढच्या सभासदाने ते परत येईपर्यंत थांबायचे, तसे इथेही थांबायचे.